मांसरसापासून प्रवाही पेशीसंवर्धनापर्यंत : माध्यमाच्या निवडीचा एक इतिहास

पैनगंगेच्या काठी वसलेले किनवट हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होते. त्यानंतर ते नांदेड जिल्ह्यात आले. या तालुक्यात कापसाच्या जोडीने आता सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक झाले आहे. हंगाम संपला की सोयाबीन तेलाच्या गिरण्यांकडे जाते आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरांच्या खाद्यासाठी विकली जाते, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु सोयाबीनमधील प्रथिनाचे विघटन करून जे पेप्टोन तयार करतात, त्यावर सस्तन प्राण्यांच्या पेशीही वाढविल्या गेल्या आहेत, आणि त्या पेशींनी निर्माण केलेली प्रथिने औषध म्हणून रुग्णांच्या रक्तात गेली आहेत, ही गोष्ट फारशी परिचित नाही. पेशींना काय खावयास द्यावे हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्रयोगशाळेतील पाककृतीचा वाटतो. त्याचा इतिहास पाहिला असता मात्र त्यात धर्मभावना, दुष्काळी निकड, अपघात, व्यापार आणि रुग्णाचे प्राण या सर्वांचा संबंध आलेला दिसतो.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा एका विशिष्ट दृष्टीने विचार करावयाचा आहे. सस्तन पेशींकडून प्रथिने मिळविण्याच्या ज्या रीतीस आज परफ्यूजन म्हणजे प्रवाही संवर्धन असे म्हणतात, तिच्यासाठी माध्यमाची निवड कोणत्या तत्त्वावर करावी, हा आपला मूळ प्रश्न आहे. माध्यमाविषयी तीन प्रश्न इतिहासात एकामागून एक उपस्थित झाले. पहिला, या द्रव्यात पेशी वाढते काय? दुसरा, या द्रव्यातील घटक कोठून आले, आणि ते दर खेपेस तेच असतात काय? तिसरा, एका पेशीस एका दिवसात या द्रव्याची किती मात्रा लागते? पहिल्या दोन प्रश्नांचा विचार पुष्कळ झाला आहे. तिसरा प्रश्न प्रवाही संवर्धनामुळेच पुढे आला, आणि निवडीचा निर्णय शेवटी त्याच्यावर अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. मुंबईतील पहिला अध्याय

महाराष्ट्रात या प्रश्नाचा आरंभ पेशींपासून न होता जंतूंपासून झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांस कलकत्त्याहून पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ही लस ज्या द्रव्यात तयार होई ते मांसरसाचे माध्यम होते. या मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूस धरून वाढत आणि गुहेच्या छतापासून लोंबणाऱ्या चुनखडीच्या लोलकांप्रमाणे खाली उतरत. भांडे हलविले की हे लोलक तळाशी पडत व नवे वाढू लागत. असे कित्येक आठवडे चालल्यावर जंतू उष्णतेने मारून त्यात कार्बॉलिक अम्ल मिसळीत.

येथे माध्यमाच्या निवडीत एक सामाजिक अट प्रारंभीच आली. गाईच्या किंवा डुकराच्या मांसापासून केलेला रस या देशात चालणे शक्य नव्हते. म्हणून शेळीच्या मांसाचा अम्लाने पचविलेला रस योजण्यात आला. माध्यम लसीबरोबर माणसाच्या शरीरात जाते, ते उत्पादनाचाच एक अंश असते, ही जाणीव त्या निर्णयात होती. पुढे अनेक दशकांनी पेशीसंवर्धनाच्या शास्त्राने हीच गोष्ट निराळ्या कारणांनी नव्याने शिकून घेतली.

या इतिहासातील दुसरी घटना अधिक दुःखद आहे. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात आली होती. १९०२ मध्ये पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस हवी होती, आणि मांसरसाची रीत त्या घाईस पुरी पडेना. तेव्हा आगराच्या माध्यमावर जंतू वाढविण्याची शीघ्र रीत स्वीकारण्यात आली व कार्बॉलिक अम्ल वगळण्यात आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे पुराव्याची फेरतपासणी होऊन, जंतुदोष परळच्या प्रयोगशाळेत नव्हे तर मुलकोवाल येथे बाटली उघडताना शिरला असला पाहिजे, असा निर्णय झाला आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. माध्यम बदलल्यामुळे हे मृत्यू घडले असे म्हणणे इतिहासास सोडून होईल. तथापि मात्रेच्या निकडीने रीत बदलली की जुन्या रीतीत आपोआप लाभणारे संरक्षणही बदलते, आणि ते कोणते होते याचा हिशेब अगोदर मांडावा लागतो, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

याच संस्थेस १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९३२ मध्ये संचालक झालेले साहिबसिंग सोखे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह माध्यमाच्या प्रश्नास पुन्हा हात घातला. सोखे, हब्बू व भरुचा यांचा या विषयावरील निबंध १९५० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. मांसरसाऐवजी दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन करून मिळणारे द्रव्य प्लेग व कॉलरा यांच्या लसींसाठी त्यांनी योजिले. मांस हा पदार्थ प्रत्येक जनावरागणिक निराळा असतो. उलट केसीन हे एक ओळखता येणारे प्रथिन असून त्याच्या विघटनातून येणाऱ्या नायट्रोजनाचे मापन करता येते. वाढ होते की नाही या पहिल्या प्रश्नाकडून, घटक कोणते व ते दर खेपेस सारखे आहेत काय या दुसऱ्या प्रश्नाकडे मुंबईची प्रयोगशाळा येथे वळली होती.

२. पेशींचे अन्न

पेशीसंवर्धनाचा मार्ग याच काळात निराळ्या दिशेने चालला होता. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील चेताऊतीचा तुकडा लसिकेच्या गोठलेल्या थेंबात जिवंत ठेवून त्यातून तंतू फुटताना पाहिले. आलेक्सिस कारेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील ऊती वाढविण्यास आरंभ केला, आणि ते संवर्धन १९४६ पर्यंत चालू राहिले. त्यावरून सुट्या पेशी अमर असतात असा समज रूढ झाला. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी सामान्य मानवी पेशींचे विभाजन मर्यादित असते असे दाखविले, तेव्हा कारेल यांच्या प्रयोगाचा अर्थ नव्याने लावावा लागला. त्या संवर्धनास वेळोवेळी कोंबडीच्या गर्भाचा अर्क पाजला जात असे. त्या अर्कातूनच ताज्या पेशी शिरत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. ते खरे असेल, तर चौतीस वर्षे जे अन्न म्हणून दिले गेले त्यातूनच नवे पाहुणे येत होते असे म्हणावे लागेल. घटक न ओळखता माध्यम वापरले तर प्रयोगाचा निष्कर्षच कसा डळमळतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

कारेल यांनी चार्ल्स लिंडबर्ग या वैमानिकाच्या साहाय्याने १९३५ मध्ये काचेचा एक पंपही तयार केला. त्यातून पोषक द्रव सतत वाहता ठेवून संपूर्ण इंद्रिय शरीराबाहेर जिवंत ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. प्रवाही संवर्धनाची कल्पना त्यात बीजरूपाने आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर माध्यमाचे घटक नावानिशी सांगता यावेत यासाठी पद्धतशीर यत्न झाले. टोरांटो येथे मॉर्गन, मॉर्टन व पार्कर यांनी १९५० मध्ये ‘माध्यम १९९’ प्रसिद्ध केले. त्यात साठाहून अधिक घटक होते. हॅरी ईगल यांची दिशा उलट होती. कोणता घटक काढला असता पेशी मरतात हे पाहत त्यांनी १९५५ मध्ये तेरा ॲमिनो अम्ले अपरिहार्य ठरविली आणि १९५९ मध्ये आपले ‘किमान आवश्यक माध्यम’ मांडले. एकाने भांडार भरले, दुसऱ्याने ते रिकामे करीत नेले. माध्यमाच्या रचनेत या दोन प्रवृत्ती आजही शेजारी शेजारी दिसतात.

चिनी हॅम्स्टरच्या बीजकोशातील पेशींचा वंश थिओडोर पक यांनी १९५७ च्या सुमारास मिळविला. आज औषधी प्रथिनांच्या निर्मितीत याच पेशींचा उपयोग सर्वाधिक होतो. या पेशींना प्रोलीन हे ॲमिनो अम्ल स्वतः बनविता येत नाही. ईगल यांच्या किमान माध्यमात प्रोलीन नाही. रिचर्ड हॅम यांच्या १९६५ च्या ‘एफ-१२’ माध्यमात ते आहे. एका वंशाच्या पेशींवरून ठरविलेले ‘किमान’ दुसऱ्या वंशास उपासमारीचे ठरते, हे यावरून ध्यानी येईल. माध्यम कोणत्या पेशीसाठी रचले गेले याची चौकशी केल्यावाचून ते उसने घेऊ नये, हा नियम येथूनच निघतो.

अर्थात उसने घेणे नेहमीच अयशस्वी होते असे नाही. पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडीस जातीच्या डासांच्या अळ्यांपासून पेशींचे वंश सिद्ध केले. त्यांनी वापरलेले माध्यम मित्सुहाशी व मारामोरोश यांनी १९६४ मध्ये तुडतुड्यांच्या ऊतींसाठी रचले होते. दुधातील लॅक्टाल्ब्युमिन या प्रथिनाचे विघटित द्रव्य, यीस्टचा अर्क, काही क्षार व ग्लुकोज एवढेच त्यात होते. त्यास वासराच्या गर्भाचा रक्तरस, म्हणजे सीरम, जोडला जाई. पुण्यातील या पेशी पुढे डेंग्यूसारख्या विषाणूंच्या अभ्यासासाठी जगभर गेल्या. येथे तुडतुड्याचे अन्न डासास मानवले. परंतु ते मानवले हे प्रयोगाने सिद्ध झाले, अनुमानाने नव्हे.

३. रक्तरसाचा प्रश्न

रक्तरस हा या संपूर्ण इतिहासातील सर्वांत सोयीचा आणि सर्वांत संशयास्पद घटक होय. ईगल यांचे माध्यमही त्याच्याशिवाय चालत नसे. त्यात वाढीस प्रेरक असे संप्रेरक, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरीन, मेदद्रव्ये वाहणारे अल्ब्युमिन आणि नाव न कळलेले पुष्कळ काही असते. १९७६ मध्ये हायाशी व गॉर्डन सातो यांनी रक्तरसाऐवजी ठराविक संप्रेरके देऊन पेशी वाढविता येतात असे दाखविले. यानंतर इन्शुलिन, ट्रान्सफेरीन व सेलेनियम हे त्रिकूट माध्यमशास्त्रात रूढ झाले.

या शोधास व्यावहारिक निकड प्राप्त झाली ती दोन संकटांमुळे. १९८० च्या दशकात रक्तापासून बनविलेल्या आठव्या गोठणघटकातून हीमोफिलियाच्या हजारो रुग्णांना एच.आय.व्ही.ची लागण झाली. म्हणून तो घटक पेशींकडून बनवून घेण्याचा उद्योग झाला, आणि १९९२ व १९९३ मध्ये अशी दोन औषधे अमेरिकेत संमत झाली. परंतु गंमत अशी की, मानवी रक्त टाळण्यासाठी निघालेल्या या पहिल्या पिढीच्या औषधांत, कोठे संवर्धनाच्या माध्यमात तर कोठे अंतिम मिश्रणात, मानवी किंवा प्राणिज अल्ब्युमिन होतेच. संवर्धन, शुद्धीकरण व अंतिम मिश्रण या तिन्ही पायऱ्यांवर असे प्रथिन नसलेला आठवा घटक २००३ मध्ये बाजारात आला. दुसरे संकट ब्रिटनमधील गाईंच्या मेंदुरोगाचे. १९८६ मध्ये तो ओळखला गेल्यावर गोवंशीय रक्तरस औषधनिर्मितीत नकोसा झाला.

रक्तरस वगळल्यावर त्याची जागा कशाने भरावयाची? किनवटच्या सोयाबीनशी आपला संबंध येतो तो येथे. सोयाबीन, गहू, यीस्ट यांच्या विघटित द्रव्यांनी पेशींना ॲमिनो अम्ले, छोटे पेप्टाइड व सूक्ष्म धातू पुरविले. प्राणिज रोगाचे भय गेले. तथापि शेतमालाचा स्वभाव गेला नाही. जमीन, पाऊस, वाण व साठवण यांनुसार दर खेपेचे पेप्टोन काहीसे निराळे उतरते, आणि पेशी हा फरक ओळखतात. सोखे यांनी मांसाकडून केसीनकडे वळताना जो प्रश्न सोडविला, तोच येथे पुन्हा उभा राहिला. म्हणून गेल्या दोन दशकांत प्रत्येक घटकाचे नाव व प्रमाण ठाऊक असलेली, रासायनिक दृष्ट्या पूर्ण निश्चित माध्यमे प्रचारात आली.

४. प्रवाही संवर्धन आणि तिसरा प्रश्न

आता मुख्य विषयाकडे वळू. सामान्य रीतीत पात्र एकदा भरतात, वाटेत लागेल तसे पोषक ओततात, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास सर्व एकदम काढून घेतात. प्रवाही संवर्धनात ताजे माध्यम सतत आत येते व वापरलेले माध्यम सतत बाहेर जाते. पेशी मात्र गाळणीच्या योगे पात्रातच राखल्या जातात. हिमेलफार्ब, थेअर व मार्टिन यांनी १९६९ मध्ये फिरत्या गाळणीची अशी योजना प्रसिद्ध केली. पुढे पोकळ तंतूंच्या गाळण्या आल्या, आणि २०१३ मध्ये स्टॉकहोम येथील संशोधकांनी एका मिलिलिटरमध्ये वीस कोटींहून अधिक पेशी या रीतीने राखून दाखविल्या. जे प्रथिन ऊबदार द्रवात फार वेळ टिकत नाही, त्यास ही रीत विशेष हितकर होय. कारण ते निर्माण होताच बाहेर काढून थंड करता येते. आठवा गोठणघटक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण, आणि १९९३ मध्ये संमत झालेले औषध प्रवाही संवर्धनातूनच येत असे.

या रीतीत माध्यमाचा हिशेब मूलतः बदलतो. सामान्य रीतीत माध्यमाची कसोटी म्हणजे त्यात एकंदर किती अन्न आहे व साचणारा मळ पेशी किती काळ सोसतात ही होय. प्रवाही रीतीत अन्न सतत येते व मळ सतत जातो. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा की, एक पेशी निरोगी राहून प्रथिन देत राहावी यासाठी दिवसास किती माध्यम तिच्या वाट्यास आले पाहिजे? सादेतिन ओझतुर्क यांनी १९९६ मध्ये या प्रमाणाचे महत्त्व स्पष्ट केले. त्यास आपण ‘पेशीगणिक प्रवाह’ म्हणू.

उदाहरणादाखल हिशेब करू. एक मिलिलिटर म्हणजे शंभर कोटी पिकोलिटर. मिलिलिटरमध्ये पाच कोटी पेशी असतील आणि दिवसास पात्राच्या आकारमानाएवढे माध्यम बदलले जात असेल, तर प्रत्येक पेशीच्या वाट्यास २० पिकोलिटर येतात. आता १००० लिटरच्या पात्रात मिलिलिटरमागे दहा कोटी पेशी आहेत असे समजा. एका माध्यमात पेशीस ५० पिकोलिटर लागतात, दुसऱ्यात २० पुरतात. पहिल्यासाठी दिवसास ५००० लिटर माध्यम लागेल, दुसऱ्यासाठी २००० लिटर. तीस दिवसांत हे आकडे अनुक्रमे दीड लाख व साठ हजार लिटर होतात. नव्वद हजार लिटर माध्यम तयार करणे, गाळणे, साठविणे आणि त्यातील विरळ प्रथिन पुन्हा गोळा करणे, एवढा भार केवळ या एका प्रमाणाने वाढतो वा घटतो. दोन्ही माध्यमांत पेशी सारख्याच उत्तम वाढत असल्या तरी निवडीच्या दृष्टीने ती समान नव्हेत.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे माध्यम अधिक समृद्ध करणे. परंतु त्यास मर्यादा आहेत. टायरोसीन उदासीन पाण्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी विरघळते, सिस्टीन तर त्याहून कमी. सर्व घटक दुप्पट केले की तर्षणदाब वाढतो व पेशी आकसतात. ग्लुकोज विपुल दिले की पेशी ते उधळतात आणि लॅक्टेट साचते. ग्लुटामिन द्रवात आपोआपच काही दिवसांत विघटित होऊन अमोनिया सोडते, म्हणून साठवून ठेवलेल्या माध्यमात त्याऐवजी स्थिर पेप्टाइडच्या रूपात ते देणे श्रेयस्कर ठरते. बंद रीतीसाठी रचलेले मूळ माध्यम व त्याचे पूरक पोषक एकत्र करून प्रवाही संवर्धनास वापरण्याचा मोह म्हणूनच आवरावा लागतो. ते मिश्रण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते.

याखेरीज काही अटी प्रवाही रीतीच्याच आहेत. गाळणी महिनाभर चालली पाहिजे. म्हणून अविद्राव्य कण, विघटित द्रव्यांतील गाळ आणि अतिरिक्त फेसनाशक ही माध्यमाच्या विरुद्ध बाजूस मोजावी लागतात. हवेच्या बुडबुड्यांपासून पेशींचे रक्षण करणारे प्लुरॉनिक पेशींच्या घनतेस पुरेसे असावे लागते. तांबे, मँगनीज यांसारख्या सूक्ष्म धातूंचे प्रमाण लॅक्टेटच्या चयापचयावर आणि प्रथिनास चिकटणाऱ्या शर्करांच्या रचनेवर परिणाम करते. तेव्हा पहिल्या दिवशीचे व तिसाव्या दिवशीचे प्रथिन एकच आहे काय, हे तपासल्यावाचून माध्यमास पसंती देता येत नाही.

५. निवडीची रीत

या विवेचनातून निवडीची जी रीत निष्पन्न होते ती थोडक्यात अशी. प्रथम तीनचार निश्चित माध्यमे घेऊन त्यांत पेशी काही पिढ्या रुळू द्याव्यात. नंतर लहान नळ्यांत पेशी दाट करून रोज केंद्रोत्सारकाने खाली बसवाव्यात, वरचे द्रव काढावे व ताजे घालावे. ही प्रवाही रीतीची कामचलाऊ प्रतिकृती होय. तिला मोठे यंत्र लागत नाही, आणि साध्या विभागीय प्रयोगशाळेतही ती करता येते. यानंतर रोज बदलावयाच्या माध्यमाचे प्रमाण पायरीपायरीने कमी करीत जावे. कॉन्स्टँटिनॉव्ह व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये अशाच प्रकारे प्रवाह खाली खाली नेण्याच्या रीतीचा पुरस्कार केला. ज्या पायरीवर जिवंत पेशींचे प्रमाण अथवा प्रथिनाची निपज ढळू लागते, तेथे त्या माध्यमाचा किमान पेशीगणिक प्रवाह मिळतो. त्या क्षणी द्रवात कोणते ॲमिनो अम्ल संपले होते आणि कोणता मळ साचला होता, हे मोजले म्हणजे सुधारणेची दिशा कळते. अन्न संपले असेल तर माध्यम सुधारता येते. मळाने पेशी खचल्या असतील तर अधिक अन्न घालणे व्यर्थ होय.

अशा रीतीने उरलेली एकदोन माध्यमे मगच लहान पात्रात गाळणीसह महिनाभर चालवून पाहावीत. किंमत, पुरवठा व टिकाऊपणा यांची तुलनाही लिटरवर न करता मिळालेल्या प्रथिनाच्या ग्रॅमवर करावी. लिटरमागे महाग असलेले माध्यम ग्रॅममागे स्वस्त पडणे अगदी शक्य आहे.

परंतु तिसऱ्या प्रश्नाच्या भरात दुसऱ्याचा विसर पडता कामा नये. जून २००९ मध्ये बोस्टन येथील आल्स्टनच्या जेन्झाइम कारखान्यात चिनी हॅम्स्टरच्या पेशींत ‘व्हेसिव्हायरस २११७’ हा विषाणू आढळला आणि उत्पादन थांबवावे लागले. तो पोषकद्रव्यांतून आला असावा असा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. गोशे व फॅब्री या दुर्मीळ व्याधींच्या रुग्णांना आपल्या औषधाची मात्रा कित्येक महिने कमी करावी लागली. ज्या पात्रात रोज हजारो लिटर नवे द्रव शिरते, त्यात दोष शिरण्याच्या संधीही तितक्याच अधिक असतात. प्रवाह जितका कमी, तितकी ही संधी कमी. या अर्थाने तिसरा प्रश्न दुसऱ्याचाही भार हलका करतो.

पुरवठ्याच्या बाजूनेही आपल्याकडे एक अनुभव ताजा आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या प्रमुखांनी लसनिर्मितीच्या कच्च्या मालावरील अमेरिकेचे निर्बंध उठवावेत, असे जाहीर आवाहन केले होते. त्या मालात पेशीसंवर्धनाच्या माध्यमांचाही समावेश होता. घटक ‘कोठून आले’ या प्रश्नाचा अर्थ त्या महिन्यात केवळ शुद्धतेपुरता राहिला नाही. प्रवाही रीतीचा कारखाना माध्यमाच्या अखंड पुरवठ्यावर जगतो. तो पुरवठा एक आठवडा तुटला तर बंद रीतीच्या कारखान्यात पुढची खेप लांबते. प्रवाही पात्रातील पेशी मात्र मरतात.

किनवट ज्या जुन्या हैदराबाद राज्यात होते, त्याच्या राजधानीत २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅब या कर्करोगावरील प्रतिपिंडाची देशी आवृत्ती बाजारात आणली. परदेशी औषधाहून ती स्वस्त होती, आणि अशा औषधांचा लाभ सामान्य रुग्णास मिळू शकतो हे तिने दाखविले. या मार्गावर पुढे जावयाचे तर पेशीच्या अन्नाचा हिशेब येथेच, आपल्या पदव्युत्तर प्रयोगशाळांतून, नीट मांडला गेला पाहिजे. सोयाबीन पिकविणाऱ्या प्रदेशाने पेप्टोनच पुरवावे असा त्याचा अर्थ नाही. निश्चित माध्यमांच्या काळात त्या पेप्टोनाचे स्थान मर्यादितच राहील. आपल्या विद्यार्थ्यांनी एक केंद्रोत्सारक, काही नळ्या, ग्लुकोज, लॅक्टेट व अमोनिया यांचे मापन आणि पुरेशी चिकाटी एवढ्या साधनांवर चार माध्यमांचा किमान पेशीगणिक प्रवाह काढून दाखविला, तर ते काम किरकोळ ठरणार नाही. हाफकिन यांच्या हाताशी परळपूर्वी यापेक्षा फार अधिक नव्हते.